मेलेल्या साहेबांची खुर्ची

वेताच्या खुर्च्या विणणाऱ्या मावशींचं एक मत होतं आणि त्यावरून त्यांना आजवर कुणी इंचभरही हलवू शकलं नव्हतं. माणूस तोंडानं खोटं बोलतो, पत्रात खोटं लिहितो, फोटोत खोटं हसतो, पण बसताना त्याला खोटं बसता येत नाही. खुर्चीची बैठक कुठं खचलीय, कुठली पट्टी आधी तुटलीय, हाताचं पॉलिश कुठल्या बाजूला उडालंय एवढं बघून मावशी बसणाऱ्याची अख्खी कुंडली मांडत. हा पाय हलवतो. ही कायम उठायच्या बेतात असते. याला घरात कुणी नीट बसू देत नाही.

मत बाळगायला कुणाची हरकत नसते. मावशींची अडचण अशी, की त्यांच्या पोटात ते राहत नसे. एकदा वकीलसाहेबांच्या घरून दोन खुर्च्या विणायला आल्या. परत देताना मावशी वकिलीणबाईंना सहज म्हणाल्या, "तुमची चांगली वापरलेली दिसते. साहेबांच्या खुर्चीवर मात्र वर्षभरात कुणी बसलेलं नाही." आता वकीलसाहेब रोज संध्याकाळी दार लावून त्याच खुर्चीत बसून खटल्यांचे कागद वाचतात, असा घरात समज होता. दार उघडून पाहिलं तर खिडकी सताड उघडी, आणि साहेब तिकडे बाजारामागच्या हॉलमध्ये नाच शिकत होते. पुढचे चार दिवस गावाला दुसरा विषय नव्हता.

मावशींचा नवरा पोस्टमन होता. तीस वर्षं त्यानं गावभर पत्रं वाटली, पण कुणाचं पत्र कुठून आलं हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. वकीलसाहेबांचं प्रकरण कानावर आलं तेव्हा त्यानं बूट काढता काढता एवढंच म्हटलं, "तुझं काम वेत विणायचं. माणसं उसवायचं नाही."

मावशींनी शपथ घेतली. ती पाळायचीही त्यांची तयारी होती. पण त्याच महिन्यात त्यांना टेकडीवरच्या मोठ्या घरातून बोलावणं आलं.

त्या घराबद्दल गावात आदर होता आणि आदराच्या बरोबरीनं गंमतही होती. घरात दोन भावंडं राहत. ताईसाहेब सहासष्ट वर्षांच्या, ताठ, काठीसारख्या. धाकटे साहेब साठीचे, गोल, सतत कुठंतरी कान देऊन असल्यासारखे. दोघांची लग्नं झालेली नव्हती. थोरले साहेब चाळीस वर्षांपूर्वी नदीच्या पुरात वारले. शाळेच्या मुलांनी भरलेली नाव उलटली, तेव्हा त्यांनी पाण्यात उडी घेऊन अकरा मुलं बाहेर काढली आणि बाराव्यासाठी गेले ते परत आलेच नाहीत. चौकात त्यांचा पुतळा होता. शाळेला त्यांचं नाव होतं. दर वर्षी त्या तारखेला गाव त्यांच्या दगडावर फुलं वाहायला जाई, आणि यंदा चाळिसावं वर्ष म्हणून नगराध्यक्षांपासून सगळी बडी मंडळी मोठ्या घरी जेवायला येणार होती. त्यासाठीच मावशींना बोलावलं होतं.

ताईसाहेबांनी त्यांना जेवणघरात नेलं. लांबलचक टेबल, भोवती बारा खुर्च्या.

"अकरा विणायच्या," ताईसाहेब म्हणाल्या.

"बारा दिसतायत."

"ती दादांची." टेबलाच्या टोकाच्या खुर्चीला एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत काळी फीत बांधलेली होती. "चाळीस वर्षांत तिच्यावर कुणी बसलेलं नाही. तुम्हीही हात लावायचा नाही. आणि काम इथंच करायचं, खुर्च्या घराबाहेर जाणार नाहीत."

मावशींनी मान डोलावली, पाण्याची बादली मागवली, वेत भिजत घातला आणि पहिली खुर्ची उलटी केली.

दोन-तीन दिवसांत घराचा विक्षिप्तपणा त्यांच्या अंगवळणी पडू लागला. धाकट्या साहेबांना बिगुलाचा नाद होता. पण तो वाजवायला ना वेळ ना काळ. बिचारे पेपर वाचत शांत बसलेले असत, आणि मधेच ताडकन उठून बिगुल तोंडाला लावत, दोन कर्कश सूर काढत आणि पुन्हा पेपरात डोकं घालत. पहिल्या वेळी मावशींच्या हातातला टोचा बोटात गेला. ताईसाहेब जिन्याच्या तोंडाशी टांगलेल्या थोरल्या साहेबांच्या तसबिरीशी बोलत. त्यात नवल काही नाही, माणसं तसबिरींशी बोलतात. पण ताईसाहेब तसबिरीशी भांडत. "मोजे कुठं टाकलेस? मी काय जन्मभर तुझे मोजे शोधू?" असं त्या एकदा त्या सोनेरी चौकटीला म्हणाल्या, आणि मागं मावशी उभ्या आहेत हे लक्षात आल्यावर तितक्याच कडक आवाजात त्यांनी तसबिरीवरची धूळ पुसायला घेतली.

आणखी एक. एवढं मोठं घर, पण टेबलावर चमचे पत्र्याचे.

"चांदीचे होते की," स्वयंपाकीणबाई मावशींना चहा देताना म्हणाली. "दोन डझन. ते त्या ड्रायव्हरनं पळवले ना."

ही गोष्ट मावशींना ठाऊक होती. लग्न होऊन त्या या गावात आल्या तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारणीनं त्यांना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दूध कुणाकडचं घ्यायचं, पुतळ्यासमोर सायकल लावायची नाही, आणि इस्त्रीवालीकडे कपडे मोजून द्यायचे नि मोजून घ्यायचे, कारण तिचा भाऊ मोठ्या घरचा ड्रायव्हर होता आणि पुराच्या गडबडीत, घरात मरण झालेलं असताना, चमचे घेऊन पळाला. इस्त्रीवालीकडून आजवर कुणाचा रुमालही कमी आला नव्हता. तरी सगळे मोजत. मावशीही मोजत. इस्त्रीवाली कपडे मोजून होईपर्यंत दुसरीकडे बघत उभी राही.

सहाव्या दिवशी मावशी टेबलाच्या टोकाशी पोचल्या. पट्टीचा एक तुकडा निसटून नेमका काळी फीत बांधलेल्या खुर्चीखाली गेला. आता तो काढायला वाकणं भागच होतं. वाकलं की वर बघणंही आलंच. निदान पोस्टमनला त्यांनी संध्याकाळी असंच सांगितलं.

"चाळीस वर्षं कुणी बसलं नाही तर वेत वाळतो," त्या म्हणाल्या. "कडक होतो, बोट लावलं तर तडकतो. खचत नाही. ही खुर्ची खचलीय. डाव्या अंगाला. मागच्या दोन पट्ट्या गेल्या वर्षभरात तुटल्यात, तुटलेली टोकं अजून पिवळी आहेत. पुढच्या आडव्या दांडीवर चपला टेकवून टेकवून पॉलिश उडालंय. डाव्या कुशीवर कलून बसणारा उंच माणूस आहे, आणि रोज बसतो."

पोस्टमननं बटाटा सोलता सोलता विचारलं, "तुला किती खुर्च्या सांगितल्यात?"

"अकरा."

"मग अकरा विण."

मावशी गप्प बसल्या. पण गप्प बसल्या म्हणजे विसरल्या असं नव्हे. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वयंपाकीणबाईला आडून विचारलं, की घरात जेवणारी माणसं किती.

"मला तिघांचं शिजवायला सांगितलंय," ती पातेलं घासत म्हणाली. "तीस वर्षं तिघांचं शिजवते. तिसरं कोण, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर शिजवण्यापेक्षा पचवायलाच जास्त लागलं असतं."

त्याच दुपारी मावशी दहाव्या खुर्चीवर होत्या. पट्ट्या एकीखालून एक ओढत होत्या, खुंट्या ठोकत होत्या. ताईसाहेब वर झोपल्या होत्या. धाकटे साहेब पलीकडच्या खोलीत पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी शिंकलं, आणि मग सर्दीनं बसलेला आवाज आला, "तुमची ती तिरकी पट्टी सैल राहिलीय, बाई."

मावशींनी मागं पाहिलं. कोठीच्या दारात एक उंच म्हातारा उभा होता. अंगात लोकरी गाऊन, पायात सपाता, हातात रुमाल. डाव्या खांद्यावर किंचित कललेला.

"सैल नाही," मावशी म्हणाल्या. "ओली आहे. वाळली की ताणेल."

"अस्सं होय." म्हातारा जवळ आला आणि वाकून बघू लागला. "मी वरून जिन्याच्या कठड्यातून चार दिवस बघतोय. पण तिथून खुंट्या कशा ठोकता ते दिसत नाही. फार दिवसांत घरात बघण्यासारखं काही घडलं नव्हतं."

आणि त्यानं काळी फीत सवयीनं एका बाजूनं सोडली, टेबलाच्या टोकाच्या खुर्चीवर बसला, डाव्या कुशीवर कलला आणि सपाता दांडीवर टेकवल्या. आपलं निदान इतकं तंतोतंत बरोबर निघाल्याचा मावशींना क्षणभर आनंदच झाला. मग आपण काय बघतोय ते ध्यानात येऊन हातातली हातोडी त्यांनी हळूच खाली ठेवली.

तेवढ्यात म्हाताऱ्याला दुसरी शिंक आली. पलीकडे पेपर खाली पडला, धाकटे साहेब झोपेतून उठून धावले आणि नेहमीच्या सवयीनं बिगुल वाजवत वाजवतच जेवणघरात शिरले. समोरचं दृश्य बघून बिगुलाचा सूर चिरकत चिरकत बंद पडला.

"दादा," ते म्हणाले, "शिंकायच्या आधी घंटी वाजवायचं ठरलंय ना आपलं?"

"शिंक काय घंटी वाजवेपर्यंत थांबते? चाळीस वर्षं सांगतोय तुला."

ताईसाहेब जिन्यावरून खाली आल्या. एकदा भावाकडे, एकदा मावशींकडे, एकदा सुटलेल्या फितीकडे बघितलं. मग एक नवी विणलेली खुर्ची ओढून तिच्यावर बसल्या. इतक्या दिवसांत मावशींनी त्यांना पाठ टेकून बसलेलं पहिल्यांदाच बघितलं.

"तुम्ही काही पाहिलेलं नाही," ताईसाहेब म्हणाल्या.

"ताई, माझ्याशी ती बोललीय," थोरले साहेब म्हणाले. "वेत वाळण्याबद्दल."

मग तिघांची जुंपली. कुणी कुठं लपायला हवं होतं, दाराला कडी कुणी घातली नाही, मोजे कोण पसरतं. साठी उलटलेली ती तिन्ही भावंडं एका फटक्यात दहा-बारा वर्षांची झाली. मावशी बघत होत्या. हसू येण्यासारखंच होतं ते, आणि मावशींना आलंही. पण मग त्यांच्या डोक्यात एक साधा हिशेब सुरू झाला, आणि हसू तिथंच राहिलं.

"साहेब," त्या म्हणाल्या, "तुम्ही इथं बसलाय. मग तिकडं दगडाखाली कोण आहे?"

थोरल्या साहेबांनी नाक पुसलं.

"त्या दिवशी आम्ही गाडीनं नदीकाठानं येत होतो," ते म्हणाले. "मी आणि ड्रायव्हर. चाक पंक्चर झालं. पाऊस होता. चाक बदलायला तो उतरला म्हणून मी माझा कोट त्याच्या अंगावर टाकला. तेवढ्यात नाव उलटली. तो कोट काढायलाही थांबला नाही."

"आणि तुम्ही?"

"मी काठावर उभा राहिलो. मला पोहता येतं, बाई. चांगलं येतं. पण पाय हललेच नाहीत. तो एकेक पोर आणून माझ्या पायाशी टाकत होता आणि पुन्हा जात होता. बाराव्या वेळी वर आला नाही. मग मात्र माझे पाय हलले. मी गाडीत बसलो आणि रस्ता संपेल तिथपर्यंत गेलो."

पुढचं ताईसाहेबांनी सांगितलं, टेबलाकडे बघत. तीन दिवसांनी देह सापडला. चेहरा ओळखण्यासारखा उरला नव्हता, कोट ओळखीचा होता. गाडी नाही, ड्रायव्हर नाही, म्हणजे तो कुठंतरी पुरात अडकला असणार असं सगळ्यांना वाटलं. वाचलेल्या मुलांनीही सांगितलं, सोनेरी बटणांचा कोट घातलेले काका. अख्खं गाव रडलं. भाषणं झाली. पुतळ्याची वर्गणी जमू लागली. आणि नवव्या दिवशी, आठ दिवसांची दाढी वाढलेले थोरले साहेब मागच्या दारानं घरात आले.

"वडील म्हणाले, आता तू मेलास, मेलेलाच राहा," ताईसाहेब म्हणाल्या. "घराण्याची अब्रू होती. दादा हो म्हणाला. मी गाडीची विल्हेवाट लावायला मदत केली. आम्हाला वाटलं, वर्षभराचा प्रश्न आहे."

"आणि चमचे?"

ताईसाहेबांनी टेबलावरची नजर हलवली नाही. "दहाव्या दिवशी त्याची बहीण फाटकाशी आली. माझा भाऊ कुठंय, विचारायला. बावीस वर्षांची होती. मला पुढं केलं. काय सांगायचं ते ठरलेलं नव्हतं. माझ्या तोंडून निघालं की तो चांदीचे चमचे घेऊन पळालाय. एकदा निघालं ते निघालं. मग चमचे वर पेटीत टाकले. तेव्हापासून आम्ही पत्र्याच्या चमच्यांनी जेवतो."

त्या हे अशा सुरात म्हणाल्या, जणू चमच्यांच्या बाबतीत त्यांनीही काही कमी सोसलं नव्हतं. मावशींना राग आला. पण रागात ओरडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, आणि दुसरं म्हणजे, इस्त्रीचे कपडे मोजणारी स्वतःची बोटं त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसत होती.

"मी मोजते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कपडे. तिच्याकडून आले की. वीस वर्षांहून जास्त झाली. तुम्ही एकदाच बोललात, ताईसाहेब, पण मोजतो आम्ही रोज."

ताईसाहेब सावरल्या. घरात अजून चाळीसेक वेताच्या खुर्च्या आहेत, त्या सगळ्या मावशींकडेच येतील, असं त्यांनी सुचवून पाहिलं. मावशी म्हणाल्या, खुर्च्या मी विणीनच, त्याचा याच्याशी काही संबंध नाही. धाकटे साहेब म्हणाले, आता चाळीस वर्षांनी खरं सांगितलं तर गावाची केवढी गैरसोय होईल. शाळेचं नाव, पुतळा, कार्यक्रमपत्रिका छापून झाल्यात.

"मी जातो तिच्याकडे," थोरले साहेब अचानक म्हणाले.

"वेडा आहेस का? सर्दी झालीय तुला," ताईसाहेब म्हणाल्या.

"चाळीस वर्षं मला हेच सांगताय तुम्ही. कधी सर्दी, कधी पाहुणे, कधी अब्रू." ते मावशींकडे वळले. "मी एकटा गेलो तर पुन्हा मधूनच पळेन. स्वतःला ओळखतो मी. तुम्ही सोबत याल?"

मावशींना पोस्टमनची आठवण झाली. शपथही आठवली. त्यांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "उद्या सकाळी दहाला. बूट आहेत का?"

बूट नव्हते. मेलेल्या माणसाला कोण बूट घेऊन देतं? धाकट्या साहेबांचे दोन नंबरांनी लहान बूट घालून, चाळीस वर्षांपूर्वीची पँट चढवून, काखेत चमच्यांची पेटी घेऊन थोरले साहेब दुसऱ्या दिवशी मावशींबरोबर टेकडी उतरले. मावशींना धास्ती होती की गावात गर्दी जमेल. कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शिल्पकारानं पुतळ्याला असं भव्य कपाळ आणि सरळ नाक दिलं होतं, की खऱ्या माणसाशी त्याचं दूरचंही नातं उरलं नव्हतं. चौकात साहेब थांबले. मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. मग बूट चावत होता म्हणून त्यांनी चौथऱ्यावर हात टेकला.

"ओ आजोबा," समोरचा पानाफुलांचा दुकानदार म्हणाला, "हात काढा तिथला. फार थोर माणूस होता तो."

"ऐकलंय," साहेब म्हणाले आणि हात काढला.

इस्त्रीवालीचं दुकान म्हणजे एक खोली. लांब फळी, दोन इस्त्र्या, भिंतीला कपड्यांची गाठोडी. ती एक पांढरा शर्ट इस्त्री करत होती. साहेब दारात उभे राहिले. त्यांचे पाय थांबलेले मावशींना दिसले. त्या मागं रस्ता अडवून उभ्या राहिल्या.

साहेबांनी सांगितलं. फार लांबवलं नाही. आपण कोण, कोट कुणाचा, पाण्यात कोण गेलं, काठावर कोण उभं राहिलं. ती इस्त्री फिरवत राहिली. कॉलर झाली, बाह्या झाल्या, पाठ झाली. शर्टाची घडी घालून तिनं तो बाजूला ठेवला, इस्त्री उभी केली आणि मग पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"अकरा काढली?"

"अकरा."

"आणि बाराव्यासाठी गेला."

"हो."

"तसाच होता," ती म्हणाली. फळीवर नसलेली सुरकुती तिनं हातानं सारखी केली. "मला त्यांनी फाटकातून घालवलं तेव्हा घरी येऊन मी आईला सांगितलं, तो चोर असेल तर मी त्याची बहीण नाही. आई दोन वर्षांनी गेली. तिला हे कुणीतरी सांगायला हवं होतं."

साहेबांनी पेटी पुढं केली. इस्त्रीवालीनं झाकण उघडून बघितलं. आत चोवीस चमचे काळे पडून निजले होते.

"हे घेऊन जा," ती म्हणाली. "उद्या लोक म्हणतील, बघा, शेवटी हिच्याकडेच सापडले."

मावशींना खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवावं लागलं. हसू होतं की रडू, त्यांचं त्यांनाही कळेना.

"मग मी काय करू?" साहेबांनी विचारलं. हे ते खरंच विचारत होते. चाळीस वर्षं त्यांना दुसऱ्यांनीच सांगितलं होतं.

"त्याचं नाव लावा त्या दगडावर. आणि चार लोकांत उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगा. मी काही सांगणार नाही. माझं कोण ऐकतं?"

कार्यक्रमाच्या दिवशी नगराध्यक्ष भाषणाच्या अगदी मध्यावर आले होते, "आज ते आपल्यात नाहीत" या वाक्याला, तेव्हा थोरले साहेब मंचावर चढले. धाकट्या साहेबांनी हात देऊन वर घेतलं. ताईसाहेब पहिल्या रांगेत होत्या, हलल्या नाहीत. साहेब सर्दीच्या आवाजात दहा मिनिटं बोलले. लोक शेवटपर्यंत ऐकत होते, बहुतेक अशासाठी, की नेमकं काय चाललंय ते निम्म्यांना कळलंच नव्हतं. कळलं तेव्हा मोठाच गलका झाला. आणि गंमत अशी, की साहेब काठावर उभे राहिले याचा राग लोकांना फारसा आला नाही. काठावर तर सगळेच उभे असतात. राग आला तो ते जिवंत असल्याचा. "निदान मेल्यासारखं तरी वागायचं होतं," असं शाळेचे मुख्याध्यापक कितीतरी दिवस म्हणत होते.

इस्त्रीवाली कोपऱ्यात उभी होती. तिच्याजवळ पहिल्यांदा कोण गेलं असेल तर एक टक्कल पडलेला, पन्नाशीकडे झुकलेला सुतार. त्या अकरांतला एक. तो तिच्या शेजारी जाऊन नुसता उभा राहिला. मग आणखी एक जण आला. मग एक बाई. कार्यक्रम मोडला तरी ती माणसं तिथंच होती.

जिवंत होणं मात्र सोपं निघालं नाही. नोंदणी कचेरीतल्या कारकुनानं सांगितलं, की मृत्यूचा दाखला रद्द करायला मयताच्या जवळच्या नातेवाइकाचा अर्ज लागतो आणि मयतानं स्वतः अर्ज केलेला चालत नाही. सात महिने गेले त्यात. दगडावरचं नाव त्याआधीच बदललं. शाळेचंही बदललं. पुतळ्याचं काय करायचं यावर नगरपालिकेत बरंच भांडण झालं. पुतळा तसा कुणासारखाच दिसत नव्हता, तेव्हा फक्त खालची पाटी बदलून तोच ड्रायव्हरचा समजायचा असं ठरलं. इस्त्रीवालीला विचारलं तर ती म्हणाली, नाक थोडं जमतंय.

पोस्टमनला मावशींनी सगळं सांगितलं होतं, थोरले साहेब समोर आले त्याच संध्याकाळी. शपथ मोडल्याचं त्यानं एका शब्दानंही बोलून दाखवलं नाही. एवढंच म्हणाला, की त्याच्या नोकरीची पहिली सहा-सात वर्षं इस्त्रीवाली रोज दुकानाच्या दाराशी उभी राहून विचारायची, माझं पत्र आहे का. "नाही म्हणायचो," तो म्हणाला. "मला वाटायचं, पळून गेलाय तर कधीतरी लिहील." त्या दिवशी तो जेवला नाही.

ताईसाहेबांनी मावशींना माफ केलं नाही, पण बाराव्या खुर्चीचं काम मात्र पाठवलं. आणि एका मंगळवारी, भर बाजाराच्या वेळी, त्या स्वतः गाठोडं घेऊन इस्त्रीच्या दुकानात गेल्या. मावशी तिथंच बसलेल्या होत्या. हल्ली त्या दुपारच्या तिथं बसत. इस्त्रीवालीनं गाठोडं सोडलं आणि ताईसाहेबांच्या डोळ्यांसमोर एकेक कपडा फळीवर ठेवत मोठ्यानं मोजला. एक चादर. दोन चादरी. तीन. चौदापर्यंत मोजलं. ताईसाहेब शेवटच्या उशीच्या अभ्र्यापर्यंत मान खाली घालून ऐकत उभ्या राहिल्या. नंतर त्या दर मंगळवारी येऊ लागल्या, आणि इस्त्रीवाली दर मंगळवारी मोजू लागली. यातून दोघींना काय मिळत होतं, ते मावशींना कुठल्याही खुर्चीवरून सांगता आलं नसतं.

इस्त्रीवाली भावाबद्दल कधी बोलत नसे. एकदाच, पाऊस लागला होता, दुकानात कुणी नव्हतं, तेव्हा ती कपड्यांवर पाणी शिंपडता शिंपडता म्हणाली, "मला त्यानंच पोहायला शिकवलं. पोटाखाली हात धरायचा. म्हणायचा, धरलंय, धरलंय. आणि हात कधीच काढून घेतलेला असायचा."

"मग?" मावशींनी विचारलं.

"मग काय. पोहत असायचे मी."